‘हाताला जप’ म्हणजे नक्की काय करायचं?

वाचकांचे प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाचे उपचार आणि व्यायाम

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असताना आणि संपल्यावर व्यायाम कोणता, किती आणि कधी, याबद्दल आलेल्या पत्रांतले नऊ प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरं कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांनी लिहिली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात घरच्यांचं एक वाक्य आहे : ‘हाताला जप.’ वाक्य मायेचं आहे, पण त्याचा अर्थ बहुतेक घरांत ‘हात हलवू नको’ असा घेतला जातो आणि तिथेच नुकसान सुरू होतं.

नणंद म्हणते, टाके उसवतील

*प्रश्न : ताई, डावा स्तन काढून नऊ दिवस झाले. काखेतल्या गाठीही काढल्या. नळी कालच काढली. हात खांद्याच्या वर जातच नाही, वेणी घालता येत नाही. नणंद म्हणते, इतक्यात हलवलास तर टाके उसवतील. दवाखान्यातून व्यायामाचा कागद मिळाला होता, तो कुठेतरी गेला. – कऱ्हाड*

तुमच्या नणंदेची भीती पहिल्या आठवड्यापुरती खरी होती. जखमेतलं पाणी काढणारी नळी असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नका असं सांगतात, कारण फार लवकर फार हलवलं तर जखमेखाली पाणी साठण्याचं प्रमाण वाढतं. त्या दिवसांत मूठ उघडणं-मिटणं, मनगट फिरवणं, कोपर वाकवणं एवढंच पुरे. पण आता नळी निघाली आहे. जखम कोरडी असेल, ताप नसेल, कातडीखाली पाण्याची पिशवी हलल्यासारखं लागत नसेल, तर हात वर न्यायला हीच वेळ आहे. जखम ओली असेल, ताप असेल किंवा पाणी लागत असेल तर मात्र आधी सर्जनना दाखवा आणि मग सुरू करा. स्तनाची पुनर्रचना त्याच वेळी केली असेल तर वेळापत्रक वेगळं असतं. ते सर्जनकडूनच घ्यायचं.

दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहा मिनिटं. वेदनाशामक गोळी दिलेली असेल तर ती व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्या.

पहिल्यांदा खुर्चीत बसून दोन्ही खांदे कानांकडे उचला आणि सोडा, मग मागच्या बाजूने गोल फिरवा, दहा-दहा वेळा. मग पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले. मिटलेली लांब छत्री किंवा हलकी काठी दोन्ही हातांत खांद्यांइतकं अंतर ठेवून धरा आणि कोपरं सरळ ठेवून डोक्याच्या दिशेने न्या. जोर उजव्या हाताचा. डावा हात फक्त सोबत जातो. ताण लागला की थांबा, पाच आकडे मोजा, खाली आणा. पाच वेळांपासून सुरुवात करा, दहापर्यंत जा. त्याच स्थितीत दोन्ही तळवे मानेखाली घेऊन कोपरं हळूहळू जमिनीकडे सोडा. ही हालचाल पुढे रेडिएशनच्या टेबलावर फार कामाला येते, कारण तिथे हात असाच डोक्यामागे ठेवून निजायचं असतं.

मग भिंत. भिंतीकडे तोंड करून वीतभर अंतरावर उभ्या राहा आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चालवा. जिथे थांबलात तिथे पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा. हात एकदम खाली सोडू नका, बोटांनीच उतरवा. पाच वेळा समोरून, पाच वेळा भिंत डाव्या बाजूला घेऊन. इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांच्या हातून होते : खूण वर जावी म्हणून खांदा कानाला चिकटतो किंवा कंबर एका बाजूला झुकते. खूण दोन बोटं वर जाते, पण खांदा काही उघडलेला नसतो. म्हणून पहिले काही दिवस आरशासमोर करा किंवा कुणाला तरी मागे उभं राहून बघायला सांगा. हे काम नणंदेला दिलंत तर तिचीही भीती जाईल.

ताण लागणं चालतं; तो दोन-चार मिनिटांत ओसरला पाहिजे. दुखणं तासाभराहून जास्त राहिलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी हात कालच्या खुणेपर्यंतही पोचत नसेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. अशा वेळी संख्या निम्मी करा, व्यायाम बंद करू नका. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा चटके जाणवतील. काखेतून जाणाऱ्या संवेदनेच्या नसेला ऑपरेशनमध्ये धक्का लागतो म्हणून ते होतं, व्यायामाने नाही.

ब्रिटनमध्ये ३९२ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. खांदा आखडण्याचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांना त्यात ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करून दिले होते. वर्षभराने त्यांचा हात नुसता माहितीपत्रक मिळालेल्या स्त्रियांपेक्षा चांगला चालत होता आणि जखमेच्या तक्रारी वाढल्या नव्हत्या.

चार ते सहा आठवड्यांत डावा हात जवळपास उजव्याइतका वर गेला पाहिजे. नाही गेला तर वाट न बघता फिजिओथेरपिस्टकडे जा. तोपर्यंत भरलेल्या तांब्याहून जड काही डाव्या हाताने उचलू नका. वेणी मात्र आजपासून घालायला घ्या : कोपर टेबलावर टेकवून, डोकं थोडं हाताकडे झुकवून. जमेल तेवढी घाला, उरलेली दुसऱ्या कुणाकडून.

काखेत तार

*प्रश्न : ऑपरेशनला चार आठवडे झाले. हात छान वर जात होता. आता अचानक काखेपासून कोपरापर्यंत सतारीच्या तारेसारखं काहीतरी ताणलेलं दिसतं आणि हात अडकतो. आजार परत आला का? – ठाणे*

नाही. काखेतल्या गाठी काढल्यानंतर तिथल्या लसिकावाहिन्या (हातातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) आणि भोवतालचे तंतू आकसून अशा दोऱ्या तयार होतात. पहिल्या दोन महिन्यांत त्या दिसू लागतात, कधी एक, कधी तीन-चार, काहींना थेट मनगटापर्यंत. बहुतेकींच्या काही महिन्यांत विरतात. तोवर हात अडकून राहिला तर खांदा मात्र आखडतो, म्हणून ताण देणं चालू ठेवायचं. पाठीवर निजून हात बाजूला काटकोनात पसरा, तळवा छताकडे, कोपर सरळ. मग मनगट हळूच मागे वाकवा. दोरी ताणलेली कळेल. वीस ते तीस आकडे थांबा, सोडा, पाच वेळा करा. दिवसातून तीनदा. व्यायाम करताना एखाद्या वेळी ‘टक्’ असा आवाज होऊन हात एकदम मोकळा होतो. घाबरू नका, त्याने इजा होत नाही. पण मुद्दाम दोरी तोडायला म्हणून तेल लावून अंगठ्याने रगडणं, हे कुणी सुचवलं तरी करू नका. हात लाल किंवा गरम झाला, सुजला, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि त्याच दिवशी दाखवायला हवी.

किमो चालू असताना चालायला न्यावं का?

*प्रश्न : माझ्या पत्नीचं वय ४६. दर एकवीस दिवसांनी किमो, दोन झाल्या, सहा बाकी. पूर्वी रोज तासभर चालायची. आता आमची आई तिला पलंगावरून उठू देत नाही, ‘शक्ती राखून ठेव’ म्हणते. मला काही सुचत नाही. – औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर*

आईंना आमच्या वतीने सांगा की शक्ती डब्यात भरून ठेवता येत नाही. पलंगावर पडून स्नायू आठवड्याभरात कमी व्हायला लागतात, मग उठून संडासपर्यंत जाणंही जड होतं, त्याने आणखी थकवा येतो आणि माणूस आणखी पडून राहतो. किमोच्या थकव्यावर आजवर जे उपाय तपासले गेले, त्यांत व्यायामाचा पुरावा सगळ्यांत भक्कम आहे. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं की उपचार चालू असतानाच व्यायाम सुचवला पाहिजे.

मात्र एकवीस दिवस सारखे नसतात. सलाईन झाल्यावरचे पहिले तीन-चार दिवस मळमळीचे आणि गळाल्याचे. तेव्हा घरातल्या घरात पाच-सात मिनिटांची फेरी, दिवसातून तीन-चारदा, एवढंच. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन दिलं असेल तर कंबर आणि मांड्यांची हाडं दोन-तीन दिवस ठणकतात. तेव्हाही हळू चालल्याने बरं वाटतं. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. व्यायाम थांबवू नका, जागा बदला : गर्दीची बाग, जिम, पोहण्याचा तलाव नको, गच्ची किंवा इमारतीचा आवार, पहाटे. तिसरा आठवडा तिचा सगळ्यांत चांगला. त्यात वीस ते तीस मिनिटं सलग चालू द्या. वेग एवढा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

चालण्याइतकंच महत्त्वाचं दुसरं काम मांड्यांचं. किमोसोबत स्टिरॉइड देतात, त्याने मांड्या आणि खुब्याचे स्नायू कमजोर होतात. जमिनीवरून किंवा भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना ते पहिल्यांदा लक्षात येतं. यासाठी हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, आठ ते दहा वेळा, दिवसातून दोनदा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर मागे सरकते. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी घालून उंची वाढवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी उशी काढा.

थांबायचं केव्हा, तेही लिहून फ्रिजवर लावा. ताप १००.४ किंवा जास्त : व्यायाम नाही आणि घरगुती उपायही नाहीत, थेट रुग्णालय, मध्यरात्र असली तरी. हिमोग्लोबिन ८ च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली : डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरातल्या फेऱ्यांपलीकडे काही नाही. छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं, पावलांवर सूज : लगेच कळवा, कारण किमोतली काही औषधं आणि हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या कर्करोगासाठी दिलं जाणारं ट्रास्टुझुमॅब हृदयावर परिणाम करू शकतात, त्यासाठीच अधूनमधून इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. दंडात पिक लाइन (किमो देण्यासाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी) असेल तर त्या हाताने जड उचलणं आणि पोहणं नाही. चालणं आणि खुर्चीचा व्यायाम खुशाल.

एक खाण्याचं. ‘शक्तीसाठी’ म्हणून डिंकाचे लाडू आणि साजूक तुपाचा शिरा रोज दिला की वजन वाढतं आणि स्नायू तेवढेच राहतात. स्नायूला प्रथिनं लागतात : वजनाच्या दर किलोला एक ते दीड ग्रॅम. साठ किलोच्या बाईला साठ ते नव्वद ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पावशेर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. वाटीभर घट्ट वरण, मोड आलेली उसळ, दही यांनी बाकीचं भरून काढा.

शेक चालू आहेत

*प्रश्न : रेडिएशनचे पंधरा शेक दिले जाणार आहेत. व्यायाम बंद ठेवू का? – सोलापूर*

नको. उलट खांद्याचे व्यायाम रोज दोनदा, शेक संपल्यावरही निदान वर्षभर. रेडिएशनने छातीचे स्नायू आणि कातडी आकसण्याची क्रिया शेवटच्या शेकानंतर कितीतरी महिने चालू राहते. पुष्कळ जणी पंधराव्या दिवशी ‘संपलं’ म्हणून सोडतात आणि सहा महिन्यांनी दोरीवर कपडे वाळत घालता येत नाहीत म्हणून येतात. घाम आला की साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्या, चोळू नका. सैल सुती ब्लाउज घाला. कातडी सोलवटली असेल तर पोहणं बंद.

कळशी उचलू का, जिमला जाऊ का?

*प्रश्न : ऑपरेशनला दोन वर्षं झाली, काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या, शेकही झाले. तेव्हा सांगितलं होतं, ‘या हाताने जड उचलायचं नाही, सूज येईल.’ म्हणून मी कळशीसुद्धा उचलत नाही. सूज नाही. आता मुलगी जिमला चल म्हणते. कुणाचं ऐकू? – सिन्नर, जि. नाशिक*

तुम्हाला मिळालेला सल्ला एके काळी सगळीकडे हाच होता. त्यामागचं कारण समजायला सोपं आहे : काखेतल्या गाठी म्हणजे हातातलं लसिकेचं पाणी गाळून पुढे पाठवणारी ठाणी. ती काढली आणि वर रेडिएशन दिलं की वाट अरुंद होते. जोराचं काम केलं की हाताकडे रक्त जास्त येतं, पाणी जास्त झिरपतं, आणि ते साचलं की सूज. सगळ्या गाठी काढलेल्यांपैकी साधारण पाचांत एकीला ही सूज येते; पहिल्या दोन-चार गाठीच तपासायला काढल्या असतील तर वीसांत एकीला.

पण या हिशेबात एक गोष्ट सुटली होती. न वापरलेला हात कमजोर होतो, आणि कमजोर हाताला साधी पिशवीही ‘जड’ होते. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९९६ साली डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकतज्ज्ञांनी स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या २४ स्त्रियांना ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. हातांना त्याहून कष्टाचा व्यायाम शोधून सापडणार नाही, आणि सुजेची जी भीती घातली जात होती ती खरी ठरली नाही. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी, आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवर वर्षभर अभ्यास केला. आठवड्यातून दोनदा वजनं उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट सूज उसळण्याचे प्रसंग कमी झाले आणि ताकद वाढली. पण त्यांनी वजनं उचलली ती एका शिस्तीने. तुम्ही मुलीचं ऐका, आणि ही शिस्त सोबत न्या.

सुरुवात अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने, म्हणजे अर्ध्या किलोने. हाताला हे हास्यास्पद वाटेल. तरी पहिले दोन आठवडे एवढंच. भिंतीला हात टेकवून दंड काढल्यासारखं पुढे-मागे होणं, बाटली धरून कोपर वाकवणं, किंचित पुढे झुकून बाटली कमरेकडे ओढणं, हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत नेणं, आणि खुर्चीवरून उठणं-बसणं. प्रत्येक दहा वेळा, मध्ये मिनिटभर थांबून पुन्हा दहा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा. उचलताना श्वास सोडा, दाबून धरू नका. दोन-तीन वेळा काहीही तक्रार न होता झालं, तरच पाऊण किलो, मग एक किलो. वरची मर्यादा अशी नाही. पायरी लहान असली पाहिजे, एवढंच. आठवड्याहून जास्त खंड पडला तर एक पायरी मागे या.

सूज येते ती वजनापेक्षा उडीने. वर्षभर हात राखून ठेवायचा आणि दिवाळीच्या आधी एका दिवसात गाद्या उन्हात टाकायच्या, सतरंज्या पिळायच्या, संध्याकाळी सोऱ्यातून किलोभर भाजणीच्या चकल्या पाडायच्या, हे घडतं. सोऱ्याचं तर विशेष : मूठ आवळलेलीच राहते, स्नायू सैल पडत नाही, त्यामुळे पाणी पुढे ढकललं जात नाही. दहा चकल्या झाल्या की सोऱ्या दुसऱ्याच्या हातात द्या, मूठ वीस वेळा उघड-मीट करा. भाकरी थापणं त्यामानाने चांगलं. त्यात हात लयीत चालतो. कळशी भरली की दहा-बारा किलोच्या पुढे जाते. तुमच्या बाटल्या पाच किलोवर पोचेपर्यंत ती अर्धी भरा आणि दुसऱ्या कमरेवर घ्या.

हात कळायला हवा, म्हणून मोजायला शिका. शिवणकामाची टेप घ्या. हात टेबलावर सरळ, मनगटाच्या बाहेरच्या उंचवट्यापासून वर दर दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण, प्रत्येक खुणेवर घेर. टेप कातडीला टेकलेली, रुतलेली नको. दोन्ही हात, महिन्यातून एकदा, दर वेळी सकाळीच, कारण संध्याकाळी सगळ्यांचेच हात थोडे भरतात. उजवा हात वापरणाऱ्यांचा उजवा मुळातच किंचित जाड असतो, त्यामुळे वहीत पहिल्यांदा लिहिलेल्या फरकाशी तुलना करा. एखाद्या खुणेवर फरक दोन सेंटिमीटरने वाढला तर फिजिओथेरपिस्टकडे जा. खरं तर टेपच्या आधी ब्लाउजची बाही सांगते : दोन्ही बाह्या सारख्या बेतलेल्या असताना ब्लाउज काढल्यावर एकीची शिवण दंडावर उमटून राहिली, बांगडी चढेना, हात ‘भरल्यासारखा’ वाटला, की दोन दिवस व्यायाम हलका करा, हात उशीवर उंच ठेवा आणि दाखवून घ्या.

आधीच सूज असलेल्यांनी व्यायाम करताना दाबाची स्लीव्ह घालायचीच, आणि ती मापाने बेतलेली हवी. मनगटाशी सैल आणि दंडाला घट्ट स्लीव्ह पाणी पंजात ढकलते. अशी घालण्यापेक्षा न घातलेली बरी.

विळीवर किंवा सुरीने कापलं तर साबणाने धुऊन जंतुनाशक लावा. हात लाल, गरम होऊन थंडी वाजून आली तर तो जंतुसंसर्ग आहे. त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. तो उतरेपर्यंत व्यायाम नाही.

गोळीने सांधे धरलेत

*प्रश्न : लेट्रोझोल सुरू होऊन सात महिने झाले. सकाळी बोटं वळत नाहीत, गुडघे धरतात. वय ६१. गोळी बंद करावीशी वाटते. – रत्नागिरी*

गोळी स्वतःहून बंद करू नका. ती आजार परत येण्याचा धोका कमी करते, आणि सांधे दुखतात म्हणून ती सोडणाऱ्या बऱ्याच आहेत, हेच आम्हाला सर्वांत काळजीचं वाटतं. इस्ट्रोजेन अगदी कमी झाल्यामुळे हे दुखतं. सांधे झिजताहेत असं नाही. अशीच गोळी घेणाऱ्या १२१ स्त्रियांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम वर्षभर केलेल्यांचं सगळ्यांत तीव्र दुखणं सरासरी सुमारे तीस टक्क्यांनी उतरलं. पहिले तीन-चार आठवडे फरक कळणार नाही, तेव्हा सोडू नका. उठल्या उठल्या कोमट पाण्यात हात घालून वीसदा मुठी करा, मग कामाला लागा. चालणं दहा मिनिटांच्या तीन तुकड्यांत चालेल. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून घ्या, कारण ही औषधं हाडंही विरळ करतात. हाडं विरळ निघाली तर पाठीत वाकून पायाची बोटं धरणं आणि वाकून बादली उचलणं बंद. तरीही दुखलं तर डॉक्टर याच गटातली दुसरी गोळी देऊन बघतात.

सूर्यनमस्कार कधीपासून?

*प्रश्न : योगवर्गात जायची. आता उपचार चालू आहेत. कोणती आसनं चालतील? कपालभाती? – डोंबिवली*

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ८५० स्त्रियांवर केलेल्या योगाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या परिषदेत मांडले. थकवा आणि वेदना कमी झाल्या, आणि आजार परत न येता जगण्यातही सुधारणा दिसली. त्यातला योग कसा होता हे मात्र कुणी सांगत नाही : मंद ताणाची आसनं, मध्ये मध्ये विश्रांती आणि प्राणायाम, तेही उपचाराच्या टप्प्याप्रमाणे शिकवलेला. तो उपचारांच्या जोडीने होता, उपचारांऐवजी नव्हता.

तुम्ही ताडासन, मार्जारासन (तळव्यांवर भार टाकून नव्हे, टेबलावर हात टेकून), सेतुबंधासन, शवासन आणि अनुलोम-विलोम यांनी सुरुवात करा. सूर्यनमस्कारात शरीराचा भार सरळ तळव्यांवर येतो. म्हणून ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे, आणि हात पूर्ण वर जाईपर्यंत, ते नको. नंतर आधी भिंतीवर, मग टेबलावर, मग जमिनीवर. कपालभाती किमोत मळमळ असताना करू नका, आणि पोटाची कातडी-चरबी घेऊन स्तन पुन्हा बांधला असेल तर सर्जननी परवानगी देईपर्यंत तर नाहीच.

आजार हाडात आहे

*प्रश्न : आईचा आजार मणक्यात आणि खुब्यात पसरला आहे. तिने चालावं का? – पणजी*

कोणत्या हाडात किती, हे स्कॅन बघून डॉक्टरांनी सांगितल्यावरच. बहुतेकदा सपाट जमिनीवर चालणं, खुर्चीवर बसून पाय सरळ करणं चालतं. कमरेत पिळणं, वाकून उचलणं, उड्या, मालिश नको. पाठीत नवं दुखणं जे रात्री वाढतं, पाय लटपटणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं : तासांत रुग्णालय गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

आई वारीला जायचं म्हणते

*प्रश्न : आईचं वय ५८. पॅक्लिटॅक्सेलच्या किमो संपून पाच महिने झाले. तळपाय अजून बधिर आहेत. उजवीकडच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत. आषाढी वारी तिने वीस वर्षं चुकवली नाही, यंदा डोक्यावर तुळस घेऊन चालायचं म्हणते. जाऊ द्यावं का? – खेड, जि. पुणे*

जाऊ द्या, पण कशी जायची ते आत्ता ठरवा. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. किमोतून उठून पाचच महिने झालेल्या शरीराला हे सरावाशिवाय झेपणार नाही. हाती चार महिने आहेत असं धरा. रोज वीस मिनिटांनी सुरुवात, दर आठवड्याला फार तर दोन-तीन मिनिटांची वाढ, पुढे आठवड्यातला एक दिवस लांब चालीचा. निघण्याआधीच्या महिन्यात तीन दिवस लागोपाठ आठ-दहा किलोमीटर चालून बघा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जेवून गप्पा मारत बसली तर तयारी झाली. जेवण न करता आडवी झाली तर अजून नाही. निघण्यापूर्वी रक्त तपासून घ्या, आणि इको केव्हा करायचा ते डॉक्टरांना विचारा.

खरा प्रश्न पायांचा आहे. बधिर तळव्याला खडा कळत नाही, फोड कळत नाही, तापलेलं डांबरही कळत नाही. त्यामुळे अनवाणी चालणं नाही, हे आईंना प्रेमाने पण ठाम सांगा. बूट अर्धा नंबर मोठा, कारण चालून पाय सुजतात. सुती मोज्यांचे तीन जोड. बूट घालताना आत हात फिरवून बघायचं. मुक्कामाला पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि तळवे दुसऱ्या कुणीतरी उजेडात बघायचे, कारण आईंना स्वतःला जखम कळत नाही. तोल जातो का हे घरीच तपासा : पाय जुळवून, डोळे मिटून, तुम्ही शेजारी हात धरायच्या तयारीत, तीस आकडे. झुलत असतील तर आजपासून ओट्याला धरून टाचा उचलणं आणि एका पायावर उभं राहणं सुरू करा, आणि वाटेत काठी.

तुळशीचं. वृंदावन डोक्यावर आणि हात वर धरलेला, असा हात तासन्तास एकाच स्थितीत राहिला की भरतो. डाव्या हाताने धरायचं, पाच-दहा मिनिटं घ्यायचं आणि दुसऱ्या माउलीकडे द्यायचं. टाळ मात्र मनसोक्त वाजवू द्या. मूठ लयीत आवळते-सुटते, त्याने हातातलं पाणी पुढे सरकतं. फुगडी नको : दोघींचं वजन एकमेकींच्या हातांना लटकतं आणि उजव्या खांद्याला झटका बसतो. पिशवी उजव्या खांद्यावर नको, पाठीवरची दोन पट्ट्यांची हलकी सॅक बरी. उजवा हात उन्हात भाजू नये म्हणून लांब बाहीचा सुती ब्लाउज.

आणि सगळे टप्पे चालायचा हट्ट यंदा नको. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा दिवस तीस किलोमीटरच्या घरात जातो. त्या दिवशी आईंनी गाडीने सासवडला पुढे जावं, पालखी यायची वाट बघत पाय उशीवर ठेवून बसावं, आणि जेजुरीच्या टप्प्याला दिंडीत उभं राहावं.